तारखेपासून मागे मोजत या: सभा आणि चर्चासत्राचं नियोजन

सांगली जिल्ह्यात वर्षाचे बाराही महिने कुठे ना कुठे सभा भरलेली असते. पतसंस्थेची वार्षिक सभा, द्राक्ष बागायतदारांचं चर्चासत्र, हळद उत्पादकांचा मेळावा, गावच्या वाचनालयाची व्याख्यानमाला. मी पतसंस्थेत सचिव होते तेव्हापासून असली कामं माझ्याकडे येत गेली आणि निवृत्तीनंतरही आमच्या भागातल्या चर्चासत्राची आखणी मीच करते. हे काम मला मनापासून आवडतं. जतहून किंवा आटपाडीहून आलेला माणूस दिवसभराचं काम टाकून सभागृहात बसलेला असतो. त्याचा दिवस वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी जे बिघडतं, त्यातलं बरंचसं महिनाभर आधीच बिघडलेलं असतं. ते कागदावर कुणी पाहिलेलं नसतं, इतकंच. म्हणून सगळी आखणी तारखेपासून उलटी, मागे मोजत करायची. उदाहरणासाठी ३०० बागायतदारांचं, सांगलीतल्या सभागृहात होणारं एक दिवसाचं द्राक्ष चर्चासत्र धरू.

आधी एक वाक्य

तारीख, सभागृह, पाहुणे यांच्याही आधी कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहा. ‘फळछाटणीनंतर डाऊनी आणि भुरी हे वेलीवरचे रोग कसे आवरायचे हे बागायतदारांनी तज्ज्ञांकडून ऐकावं आणि आपापल्या बागेबद्दलच्या शंका विचाराव्यात.’ हे कामाचं वाक्य आहे. ‘शेतकऱ्यांचे प्रबोधन व्हावे’ याचा उपयोग नाही, कारण ते झालं की नाही हे संध्याकाळी कुणालाच सांगता येणार नाही.

त्याच कागदावर खाली ‘हे करायचं नाही’ अशी यादी करा. आपल्याकडे कार्यक्रम फुगतो तो सत्कारांनी. बारा सत्कार ठरले तर नाव पुकारणं, मंचावर येणं, शाल-श्रीफळ, फोटो यात प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी २४ मिनिटं गेली. त्यातल्या दोघांनी मनोगत व्यक्त केलं की पाऊण तास झाला. हा वेळ कुठून तरी कापावा लागतो आणि तो नेहमी प्रश्नोत्तरांतून कापला जातो. ज्यासाठी माणसं आली, नेमकं तेच. म्हणून सत्कार तीन, असा आकडा पहिल्याच बैठकीत लिहून टाका. पुढे कुणी आणखी एक नाव सुचवलं तर सरळ नाही म्हणणं अवघड जातं, समोर आबा असतात, काका असतात. अशा वेळी विचारायचं, “आबा, घेऊ की. पण मग दुसऱ्या वक्त्यांची दहा मिनिटं कमी करावी लागतील, करू का?” काय वाढलं की काय कमी होतं, हे समोर ठेवलं की बहुतेक जण स्वतःच थांबतात.

तारीख कॅलेंडर बघून नव्हे, शेत बघून

फळछाटणी आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात जोरात असते. त्या काळात बागायतदार बागेतून हलत नाही, मजूर मिळवण्याची धावपळ असते. जानेवारीपासून माल उतरायला लागतो, एप्रिलात खरड छाटणी, म्हणजे माल उतरल्यानंतरची छाटणी. हळदवाल्यांची काढणी आणि शिजवणी जानेवारी ते मार्च चालते. उसाला तोड आली की घरातला एक माणूस तिकडे अडकतो. म्हणजे फळछाटणीबद्दलचं चर्चासत्र छाटणीच्या आधी, ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात घेणं शहाणपणाचं.

पण ऑगस्ट म्हणजे कृष्णेच्या पाण्याचा महिना. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत काय झालं ते इथे कुणाला सांगायला नको. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. त्यामुळे ऑगस्टची तारीख घ्यायची असेल तर सभागृह नदीपासून लांब आणि उंचावरचं घ्या. शिवाय ‘पाणी ४० फुटांवर गेलं तर त्याच दिवशी बैठक आणि पुढे ढकलायचं की नाही याचा निर्णय’ हे आत्ताच लिहून ठेवा. ऐन वेळी प्रत्येकाचं मत वेगळं असतं. आधी ठरवलेल्या आकड्यावर वाद होत नाही.

बाकी गणपती, लग्नाच्या तिथी, गावचा आठवडी बाजार आणि निवडणुकीची आचारसंहिता बघून घ्या. पितृपंधरवड्यात सभागृहं सहज मिळतात, पण उद्घाटनाला काही पाहुणे त्या दिवसांत येत नाहीत, हे आधी विचारा. नाट्यगृह हवं असेल तर ५ नोव्हेंबरच्या आसपासचा आग्रह धरू नका. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत त्या दिवशी नाटक उभं केलं म्हणून तो मराठी रंगभूमी दिन आहे, आणि सांगलीत तो जोरात होतो.

मागे मोजणं

तारीख ठरली की तिला शून्य धरा. आता विचारा, पत्रिका लोकांच्या हातात कधी पडायला हवी? पंधरा दिवस आधी, नाहीतर गाडी ठरवणं आणि घरच्या कामाची सोय लावणं त्यांना जमत नाही. पत्रिका तासगाव, मणेराजुरी, सोनी, पलूस, सावळज अशी गावोगावी पोचवायला पाच दिवस. छापायला चार. प्रूफ तपासायला दोन. प्रूफ निघण्यासाठी वक्त्यांची नावं आणि विषय पक्के हवेत, म्हणजे त्यांची लेखी संमती हवी, त्याला दहा दिवस. वक्त्याला विचारायचं तर तारीख आणि सभागृह हातात हवं, त्याला चार. बेरीज करा: १५ + ५ + ४ + २ + १० + ४ = ४०. म्हणजे कामाला चाळीस दिवस आधी हात घालायलाच हवा. या साखळीतलं कुठलंही एक काम दोन दिवस लांबलं की पुढची सगळी कामं दोन दिवस सरकतात.

या साखळीला नियोजनशास्त्रात ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीच्या रासायनिक कारखान्यांची कामं आखताना मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी ही रीत बसवली. कारखाना असो की चर्चासत्र, रीत तीच चालते, कारण दोन्हीकडे एक काम दुसऱ्याची वाट बघत असतं.

आता फ्लेक्स बघा. त्यालाही नावं पक्की लागतात, पण ती मिळाल्यावर दोन दिवसांत फ्लेक्स तयार होतो आणि लागतो थेट आदल्या दिवशी. म्हणजे त्याला तीन आठवडे मोकळीक आहे. समितीच्या बैठकीत मात्र सगळ्यात जास्त चर्चा फ्लेक्सवरच होते: कुणाचा फोटो, कुठल्या आकाराचा, कुणाच्या शेजारी. वक्त्याचं संमतीपत्र आलं का, हे कुणी विचारत नाही. साखळीवर काय आहे आणि साखळीबाहेर काय आहे हे एकदा कळलं की कशाची काळजी आज करायची आणि कशाची पुढच्या आठवड्यात, हे आपोआप ठरतं.

दहा दिवस संमतीला का, असं कुणी विचारेल. वक्ते पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रासारख्या सरकारी संस्थेतले असतील तर त्यांना कार्यालयाची परवानगी लागते, नुसता फोनवरचा होकार पुरत नाही. अंदाज काढायची एक सोपी रीत आहे. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ नावाची पद्धत काढली, तिच्यातली. लवकरात लवकर किती दिवस? ३. बहुधा किती? ८. उशिरात उशीर किती? २५. मधल्या आकड्याला चारने गुणायचं, तिन्ही मिळवायचे आणि सहाने भागायचं: ३ + ३२ + २५ = ६०, भागिले ६, म्हणजे १०. ‘बहुधा आठ’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण उशिराची शक्यता त्याच्या आकड्यात आलेली नसते. या हिशेबात ती येते.

पतसंस्थेची वार्षिक सभा असेल तर मागे मोजण्याची सुरुवात कायदाच करून देतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यापासून चार महिन्यांत लेखापरीक्षण आणि सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सभा. पोटनियमात १४ पूर्ण दिवसांची नोटीस असेल तर नोटीस काढल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही धरायचे नाहीत. सभा २८ सप्टेंबरला घ्यायची तर नोटीस उशिरात उशिरा १३ तारखेला निघाली पाहिजे. आणि नोटिशीबरोबर अहवाल द्यायचा तर तो त्याआधी छापून हवा, छापायला ताळेबंद हवा, ताळेबंदाला लेखापरीक्षकांची सही हवी. सप्टेंबरातल्या सभेचं खरं काम जूनमध्ये असतं ते असं. कोरमअभावी, म्हणजे पुरेसे सभासद न आल्याने, सभा तहकूब झाल्यास काय करायचं, ते वाक्य आपल्या पोटनियमातून जसंच्या तसं नोटिशीत घाला.

हे सगळं भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडरवर आडव्या पट्ट्यांनी रंगवा. अशा पट्ट्यांचा तक्ता १९१० च्या दशकात हेन्री गँट यांनी रूढ केला आणि अजून त्याहून सोपं काही निघालेलं नाही. साखळीवरच्या पट्ट्या लाल, बाकीच्या निळ्या. संगणक नसला तरी चालतं.

कामाला माणसाचं नाव

“अण्णा, माईकचं कोण बघतंय?”

“बघतील की पोरं.”

“कुठलं पोरगं, ते सांगा.”

हा संवाद प्रत्येक बैठकीत होतो आणि व्हायलाच हवा. ‘पोरं’, ‘समिती’, ‘आपण सगळे’ ही नावं नव्हेत. चार रकाने आखा: काम, कोण, कधीपर्यंत, झालं का. ‘कोण’च्या रकान्यात एकच नाव. त्याच्या मदतीला दहा जण असू देत, पण फोन कुणाला करायचा ते एकच. आणि ते नाव त्या माणसासमोर, त्याला विचारून लिहायचं. गैरहजर माणसाच्या नावावर काम लिहिलं तर ते झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

कामं मोठी लिहू नका. ‘जेवण’ हे काम नाही. आचारी ठरवणं, ताटांचा आकडा कळवणं, पाण्याचे जार, हात धुण्याची जागा, खरकट्याची गाडी, वाढप्यांचं जेवण, ही सहा कामं आहेत आणि ‘जेवण’ लिहिलं की त्यातली शेवटची दोन हमखास राहतात.

बैठक आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पाऊण तास. प्रत्येक विषय निर्णय, नाव आणि तारीख या तिन्हींवर संपवायचा आणि त्याच रात्री तेवढ्याच ओळी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या. ग्रुपवर अंगठा आला म्हणजे होकार धरू नका. ज्याचं काम आहे त्याला फोन करा.

पैसा आणि ताटं

अंदाजपत्रकात सभागृह, ताटं, छपाई, ध्वनियंत्रणा, वक्त्यांचा प्रवास आणि मुक्काम, किरकोळ असे रकाने करून शेवटी दहा टक्के राखीव ठेवा. १,२०,००० चा अंदाज असेल तर १२,००० राखीव. त्या राखीव रकमेला हात लावायला दोघांची संमती हवी असा नियम करा, नाहीतर ती दुसऱ्याच आठवड्यात फ्लेक्समध्ये जाते.

आचाऱ्याशी बोलताना दोन आकडे बोला: खात्रीची ताटं आणि वाढीव ताटं. खात्रीची २५०, तेवढ्यांचे पैसे नक्की. वाढीव ५०, वाढली तर पैसे. खात्रीचा आकडा दोन दिवस आधी पक्का करायची मुभा मागून घ्या. तो आकडा गावनिहाय माणसांकडून येतो. प्रत्येक गावात एक जण नेमा, तो किती गाड्या आणि किती माणसं ते कळवेल. पत्रिका वाटणारा आणि हा माणूस एकच असला तर फार बरं.

औषध आणि खत कंपन्या प्रायोजक व्हायला तयार असतात. त्यांचे पैसे घ्यायला माझी हरकत नाही, बाहेर व्हरांड्यात टेबल मांडायलाही नाही. पण मंचावर वेळ द्यायचा नाही आणि हे पत्रात लिहून द्यायचं. ज्या माणसाला बागेत कुठली फवारणी करू असं विचारायचं आहे, त्याला विकणाऱ्याचं नव्हे, तज्ज्ञाचं उत्तर मिळालं पाहिजे. या बाबतीत मी कधी तडजोड करत नाही आणि तुम्हीही करू नये.

जागा स्वतः जाऊन बघा

कार्यक्रमाची जी वेळ, त्याच वेळी जा. सकाळी अकराला खिडकीतून येणाऱ्या उजेडात पडद्यावरचं दिसतं का? शेवटच्या रांगेत बसून बघा. पानावरचे डाऊनीचे तेलकट डाग तिथून ओळखू आले नाहीत तर त्या चित्रांचा उपयोग काय? जनरेटर आहे का एवढं विचारून थांबू नका, माईक आणि प्रोजेक्टर त्यावर चालतात का ते चालवून बघा. पायऱ्या किती, वयस्कर माणसांना कठडा आहे का, बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, पाणी येतं का. हे शेवटचं मी स्वतः बघते. बागेचं निम्म्याहून जास्त काम बायका करतात आणि चर्चासत्राला त्या येत नाहीत म्हणून आपण तक्रार करतो, तेव्हा दिवसभर बसण्याजोगी सोय आपण केली होती का हे आधी तपासावं.

पाहुणे रेल्वेने येणार असतील तर गाडी मिरज जंक्शनला उभी करायची की सांगलीला, हे तिकीट बघून ठरवा. बऱ्याच गाड्या मिरजेला जास्त सोयीच्या पडतात.

मोकळ्या मैदानावर घेणार असाल तर कामं वाढतात: महापालिकेची जागेची परवानगी, महावितरणची तात्पुरती जोडणी, ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची परवानगी. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी असते, हे संध्याकाळचा कार्यक्रम आखणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. परवानग्यांचे अर्ज लाल पट्टीवर घ्या.

काय बिघडू शकतं

एका पानावर लिहा, प्रत्येकासमोर ‘मग काय’ लिहा. वक्ते आले नाहीत, तर त्यांचं सादरीकरण दोन दिवस आधी मागवून ठेवलेलं हवं आणि ते समजावू शकेल असा अनुभवी बागायतदार सांगून ठेवलेला हवा. वीज गेली, तर जनरेटर. पाऊस फार झाला, तर माणसं कमी, म्हणून ताटांची खात्री जपून. गावात कुणी मोठं माणूस गेलं, तर त्या गावाच्या गाड्या येणार नाहीत आणि कधी कार्यक्रमच पुढे न्यावा लागेल. सभागृहाच्या करारात तारीख बदलण्याची अट काय आहे ती सही करण्याआधी वाचा.

त्या दिवशी

वेळ ठरवताना दूध आठवा. सकाळचं दूध डेअरीला घालून माणूस निघतो आणि संध्याकाळच्या धारेच्या आत त्याला घरी पोचायचं असतं. त्यामुळे साडेदहाच्या आत सुरुवात होत नाही आणि साडेतीननंतर कुणी थांबत नाही. माझा तक्ता असा असतो:

९:३० नोंदणी, चहा-पोहे
१०:३० दीपप्रज्वलन, स्वागत, तीन सत्कार
१०:५० पहिले वक्ते, छाटणीनंतरचं रोगनियंत्रण
११:३५ प्रश्न
१२:०० दुसरे वक्ते, निर्यातीच्या द्राक्षांतले औषधांचे अंश
१२:४५ प्रश्न
१:१० जेवण
२:१० खुली चर्चा
३:१० आभार

हा लोकांचा तक्ता. कार्यकर्त्यांच्या तक्त्यात याच्यामधल्या वेळा असतात. ११:५५ ला दुसऱ्या वक्त्यांचा लॅपटॉप जोडलेला. १२:३० ला आचाऱ्याकडे जाऊन ताटं लागली का ते बघणं. १२:४० ला प्रश्नांच्या चिठ्ठ्या गोळा. प्रत्येकासमोर नाव.

वक्त्यांना दाखवायला तीन पाट्या ठेवा: ‘१० मिनिटे’, ‘५ मिनिटे’, ‘थांबावे’. पाटी दाखवणारी व्यक्ती पहिल्या रांगेत मधोमध बसते आणि तिच्याबद्दल वक्त्यांना आदल्या दिवशीच सांगितलेलं असतं. म्हणजे कुणाचा मान दुखावत नाही. नियोजन करणाऱ्याने स्वतःकडे एकही काम ठेवू नये. दाराशी उभं राहावं, तक्ता हातात ठेवावा आणि पुढच्या अर्ध्या तासाकडे बघावं.

दुसऱ्या दिवसापासून

बिलं आठ दिवसांत भागवा, सभागृहाची अनामत मागून घ्या, हिशेब ग्रुपवर सगळ्यांना दिसेल असा ठेवा. आठवड्याच्या आत समितीची एक बैठक घ्या आणि अंदाजाचे आकडे आणि प्रत्यक्षाचे आकडे शेजारी शेजारी लिहा: संमतीला किती दिवस लागले, ताटं किती उठली, कुठला कार्यक्रम किती मिनिटं लांबला. पुढच्या वर्षी सहाने भागायच्या हिशेबात हेच आकडे घालायचे असतात.

आणि चिठ्ठ्या फेकू नका. वेळेअभावी राहिलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या विषयवार लावा, सारखे प्रश्न एकत्र करा आणि वक्त्यांना पाठवा. उत्तरं आली की गावनिहाय माणसांमार्फत पोचवा. आगाप, म्हणजे हंगामाआधी, छाटणी घेणाऱ्या गावांना आधी.